आधी पडदा, मग प्रोसेसर: एफपीजीएवर झेडएक्स स्पेक्ट्रम कसा बनवायचा

एफपीजीए म्हणजे अशी चिप की जिच्यात लॉजिकचे हजारो छोटे तुकडे असतात आणि ते एकमेकांना कसे जोडायचे हे तुम्ही ठरवता. आत सॉफ्टवेअर चालत नाही, सर्किटच तयार होतं, आज झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर बनवा, उद्या तेच पुसून त्याच बोर्डावर कमोडोर ६४ बनवा. यूट्यूबवर बरेच जण छातीठोकपणे सांगतात की एफपीजीए म्हणजे शंभर टक्के ओरिजिनल, तर तसं काही नसतं हो. कोड लिहिणाऱ्याला जुनं मशीन जितकं कळलं तितकंच ते ओरिजिनल, चांगला एमुलेटर (जुन्या मशीनची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) वाईट एफपीजीए कोडपेक्षा कधीही बरा. मजा आहे ती मशीन आतून समजून घेण्यात.

तुम्हाला फक्त गेम खेळायचे असतील तर हा लेख इथेच सोडा आणि मिस्टर नावाचा प्रोजेक्ट बघा. टेरासिकचा डीई१०-नॅनो बोर्ड घ्यायचा, वर एसडीरॅमचं कार्ड लावायचं, मेमरी कार्डवर इमेज टाकायची, की स्पेक्ट्रम, अमिगा, बीबीसी मायक्रो सगळं मेनूत तयार मिळतं. स्वतः बनवायचं असेल तर मात्र पुढे वाचा, व्हेरिलॉग (सर्किट लिहिण्याची भाषा) थोडंफार येत असलं तरी पुरे.

स्पेक्ट्रमच का? एकतर मशीन लहान आहे. एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडच्या सिंक्लेअर रिसर्चने काढलेलं, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर, १६ केबी रॉम, ४८ केबी रॅम आणि बाकी सगळी कामं करणारी एकच चिप, यूएलए. गंमत म्हणजे फेरांटी कंपनीची ही यूएलए म्हणजे एफपीजीएची आजीच, आत सुटी गेट्स आधीच तयार आणि ती कशी जोडायची हे गिऱ्हाईक सांगणार, फक्त ती जोडणी एकदा कारखान्यात झाली की पुन्हा बदलता यायची नाही. दुसरं म्हणजे पुण्याशी नातं आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने हेच मशीन आपल्याकडे आणलं, त्यामुळे बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची पहिली ओळ त्याच्यावर टाइप केलेले लोक आजही भेटतात.

बोर्ड कोणता घ्यायचा

सायपीडचा टँग नॅनो २०के घ्या. त्याचा धाकटा भाऊ ९के स्वस्त पडतो खरा पण आधी हिशोब करा. स्पेक्ट्रमला रॉम १६ आणि रॅम ४८ मिळून ६४ केबी लागतात. ९के मध्ये आतल्या मेमरीचे २६ ब्लॉक, एकेक २ केबीचा धरला तर ५२ केबी, म्हणजे १२ केबी कमी पडले, मग बाहेरची मेमरी जोडायची आणि पहिल्याच दिवशी तिच्या कंट्रोलरशी मारामारी. २०के मध्ये ४६ ब्लॉक म्हणजे ९२ केबी, सगळं आरामात आत मावतं आणि वर उरतं. शिवाय बोर्डावर एचडीएमआयचं सॉकेट आहे आणि २७ मेगाहर्ट्झचं क्लॉक (सगळ्या सर्किटला चालवणारा ठोका) आहे, हा २७ आकडा लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

सॉफ्टवेअरसाठी, या बोर्डावरची चिप बनवणाऱ्या गोविन कंपनीचं एज्युकेशन व्हर्जन फुकट मिळतं. सिम्युलेशनला, म्हणजे बोर्डाआधी कोड कॉम्प्युटरवरच चालवून बघायला, व्हेरिलेटर किंवा इकॅरस, आणि सिग्नलच्या लाटा बघायला जीटीकेवेव्ह. सिम्युलेशनला कंटाळा करू नका, बोर्डावर काय चुकतंय हे डोळ्यांना दिसत नाही.

प्रोसेसरला इतक्यात हात लावायचा नाही

इथेच बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं. उत्साहाच्या भरात आधी झेड८० बसवतात, टीव्ही काळा तो काळाच, आणि मग प्रोसेसर चुकला की मेमरी की एचडीएमआय हे काही केल्या कळत नाही. स्पेक्ट्रममध्ये खरी मालकीण यूएलए आहे, प्रोसेसरला क्लॉक तीच देते आणि हवं तेव्हा ते थांबवतेही तीच, म्हणून आपणही तिच्यापासूनच सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक पायरीला टीव्हीवर काहीतरी दिसत राहतं.

पहिलं काम, टीव्हीवर नुसता एक रंग आणायचा. ७२० बाय ५७६, ५० हर्ट्झचा मोड घ्या, कारण त्याचं पिक्सेल क्लॉक नेमकं २७ मेगाहर्ट्झ आहे. एचडीएमआयसाठी त्याच्या पाचपट म्हणजे १३५ मेगाहर्ट्झ लागतं ते पीएलएलमधून (एका क्लॉकवरून दुसरं क्लॉक बनवणारा चिपमधला भाग) काढा. टीव्ही हा मोड सहसा घेतात, कॉम्प्युटरचे काही मॉनिटर ५० हर्ट्झला तोंड वाकडं करतात, तेव्हा मॉनिटरवर काही दिसत नसेल तर कोड बदलण्याआधी टीव्हीला लावून बघा.

रंग आला की चित्र. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२, दुप्पट केला की ५१२ बाय ३८४, म्हणजे डावी-उजवीकडे १०४ आणि वर-खाली ९६ पिक्सेलची बॉर्डर उरते. पडद्याची मेमरी ६,९१२ बाइटची, त्यात ६,१४४ चित्राचे आणि ७६८ रंगांचे. जुन्या गेमच्या पडद्यांच्या एससीआर फाइल्स नेटवर मिळतात, त्या नेमक्या एवढ्याच साइजच्या असतात. एक फाइल हेक्समध्ये बदला, चिपच्या आतल्या ब्लॉक रॅममध्ये भरा आणि दाखवा, अजून प्रोसेसरचा पत्ताच नाही.

मेमरीतला पत्ता काढताना एक गोम आहे. पडद्यावरच्या ओळी मेमरीत सरळ क्रमाने नाहीत, ओळीचा आठ बिटचा नंबर घ्यायचा, वरची दोन बिट तशीच ठेवायची, मग सगळ्यात खालची तीन आणि शेवटी मधली तीन. कॅसेटवरून गेम लोड होताना चित्र तीन भागांत पट्ट्यापट्ट्यांनी भरायचं ते याचमुळे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना याने रडवलं, पण आपल्याकडे वायरींची अदलाबदल केली की झालं, एकही जास्तीचं गेट लागत नाही.

रंगाचा बाइट आठ बाय आठच्या चौकोनाला एक. खालची तीन बिट इंक, पुढची तीन पेपर, मग ब्राइट आणि सगळ्यात वर फ्लॅश. एका चौकोनात दोनच रंग मावतात, म्हणून तर जुन्या गेममध्ये हिरो झाडाजवळ गेला की झाडाचा रंग हिरोला लागायचा. तीन बिटांचा क्रम हिरवा, लाल, निळा असा आहे, लाल-हिरवा-निळा नाही, चेहरे हिरवे दिसले तर इथेच बघा. आणि ब्लॉक रॅम डेटा एक क्लॉक उशिरा देते, त्यामुळे पुढचा बाइट थोडा आधीच मागवून ठेवा, नाहीतर चित्र एका बाजूला सरकतं नाहीतर रंग शेजारच्या चौकोनात जातात.

२७ मधून ३.५ कसे काढायचे

आता प्रोसेसर. तो लिहीत बसू नका, टी८० नावाचा ओपन सोर्स झेड८० तयार आहे, वर्षानुवर्षं वापरात घासलेला. त्याला वेगळं क्लॉक न देता २७ मेगाहर्ट्झच द्यायचं आणि क्लॉक-एनेबलवर अधूनमधून टिचकी मारायची, जेवढ्या टिचक्या तेवढाच तो पुढे जातो.

प्रश्न असा की २७ ला ३.५ ने नीट भाग जात नाही. उपाय साधा आहे, एक काउंटर ठेवायचा, दर क्लॉकला त्यात ७ मिळवायचे, ५४ झाले किंवा ओलांडले की ५४ वजा करून एक टिचकी द्यायची, सरासरी बरोबर ३.५ मेगाहर्ट्झ येते. पण त्यातही एक खोट राहते. खऱ्या स्पेक्ट्रमची एक फ्रेम ६९,८८८ टी-स्टेटची (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकचा एक ठोका), म्हणजे सेकंदाला ५०.०८ फ्रेम आणि आपला टीव्ही मात्र नेमक्या ५० दाखवतो, त्यामुळे दर बारा-तेरा सेकंदांनी चित्र मधेच फाटल्यासारखं दिसतं. म्हणून ७ आणि ५४ च्या जागी ७२८ आणि ५,६२५ घ्या. टीव्हीची एक फ्रेम ५,४०,००० क्लॉकची, तिच्यात या हिशोबाने बरोबर ६९,८८८ टिचक्या बसतात, एक कमी नाही एक जास्त नाही, दोन्ही फ्रेम कायमच्या बांधल्या गेल्या. मशीन ०.१६ टक्के हळू चालतं, पण ते कानालाही कळत नाही.

प्रत्येक फ्रेमला एकदा, ३२ टी-स्टेटपुरतं इंटरप्टचं (प्रोसेसरला हातातलं काम क्षणभर सोडायला लावणारं) सिग्नल खाली ओढायचं. ४८ केबीतली पहिली १६ केबी ड्युअल-पोर्ट ठेवा, एका दारातून प्रोसेसर आणि दुसऱ्यातून चित्र. बाकीची मेमरी साधी.

रॉमची, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रॅमची, फाइल एमुलेटरबरोबर सहज मिळते. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅडने विकत घेतला, त्यांनी पुढे कॉपीराइटची ओळ न बदलता एमुलेटरमध्ये रॉम द्यायला परवानगी दिली. घरच्या घरी करताय तर ठीक, बोर्ड बनवून विकायला काढणार असाल तर परवानगीचं आधी नीट बघा.

आता चालू करा आणि नजर टीव्हीवर ठेवा, कारण रॉम स्वतःच सांगते काय चाललंय. बॉर्डर पांढरी झाली म्हणजे पहिल्या काही सूचना चालल्या. मग क्षणभर काळ्या पडद्यावर लाल बारीक उभ्या रेघा दिसतात, रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरून तपासते त्या, म्हणजे रॅममध्ये लिहिणं जमतंय. आणि मग पांढऱ्या पडद्यावर खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ आली की पेढे वाटा. ओळ आली पण पुढे कीबोर्डला काहीच होत नसेल तर बटणं तपासण्याआधी इंटरप्ट बघा, रॉम कीबोर्ड त्याच वेळी वाचते.

कीबोर्ड, आवाज, कॅसेट

चाळीस बटणं, पाच-पाचच्या आठ ओळी. प्रोसेसर पोर्ट २५४ वाचतो तेव्हा पत्त्याच्या वरच्या आठ वायरींपैकी जी शून्यावर असेल ती ओळ वाचली जाते, बटण दाबलेलं असेल तर शून्य. मायक्रोस्विच लावून स्वतः कीबोर्ड बनवला तर फक्त १३ वायरी लागतात, मात्र आठही ओळींना एकेक डायोड टाका, नाहीतर एकाच उभ्या रांगेतली दोन बटणं एकदम दाबली की दोन पिना एकमेकांवर शॉर्ट होतात. जुना पीएस-टू कीबोर्ड असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर लागेलच, या चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट थेट दिलात तर बोर्डाचं वाटोळं. त्याच पोर्टवर लिहिताना खालची तीन बिट बॉर्डरचा रंग ठरवतात आणि बिट ४ स्पीकर, ट्रान्झिस्टरमधून छोटा स्पीकर जोडला की झालं.

कॅसेटचा आवाज त्याच पोर्टच्या बिट ६ वर वाचला जातो. टेपरेकॉर्डर शोधत फिरायची गरज नाही, टॅप फाइलची (कॅसेटवरच्या गेमची कॉपी) वेव्ह म्हणजे आवाजाची फाइल करा आणि फोनवरून वाजवा. फोनचा आवाज थेट पिनला देऊ नका, मध्ये छोटा कम्पॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर की खाली एवढंच सांगणारी चिप) हवा. मग J (जे) हे बटण दाबायचं, लोड हा शब्द अख्खा येतो, सिंबल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर, आणि फोनवर प्ले. बॉर्डरवर आधी लाल-आकाशी रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. लाल-आकाशीवरच अडकलं तर फोनचा आवाज पूर्ण वाढवा आणि इक्वलायझर बंद करा, बहुतेक वेळा तेवढंच असतं.

उरलंसुरलं

इथपर्यंत आलात की बहुतेक गेम चालतील. बॉर्डरवर कारागिरी करणारे डेमो (मशीनची करामत दाखवायला लिहिलेले प्रोग्रॅम) मात्र बिघडलेले दिसतील, कारण खऱ्या मशीनमध्ये यूएलए चित्र काढत असताना प्रोसेसर त्या पहिल्या १६ केबीत शिरला तर ती त्याला थांबवून ठेवते, आणि डेमोवाले हे थांबणं मोजून कोड लिहायचे. दर आठ टी-स्टेटला ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा थांबण्याचा क्रम आहे, १९२ ओळींत प्रत्येक ओळीच्या २२४ पैकी १२८ टी-स्टेट हा खेळ चालतो. हे घालायचं तर चित्रही यूएलएच्याच वेळेने काढून मध्ये बफरमध्ये ठेवावं लागतं, काम किचकट आहे, निवांत करा.

एक राहिलंच, एफपीजीए वीज गेली की सगळं विसरते. प्रयोग चालू असताना थेट चिपमध्ये लोड करा, ते पटकन होतं, आणि सगळं जमलं की मग बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये लिहा. पुढे १२८के मॉडेल खुणावतंच, पण तिथे रॅम १२८ आणि रॉम ३२ मिळून १६० केबी लागतात, ९२ मध्ये बसायचं नाही, तेव्हा एसडीरॅमच्या कंट्रोलरला तोंड द्यायचं ते तेव्हा.