खाडीकाठच्या गावात जेवायला गेलात तर सुरमई मागू नका

कोकणात उतरल्या उतरल्या लोक हॉटेलात बसतात आणि मेन्यूकार्ड न बघताच सुरमई थाळी नायतर पापलेट थाळी सांगून मोकळे होतात, मग ते गाव समुद्रापासून कितीही आत का असेना. राजापूर, संगमेश्वर, खारेपाटण, चिपळूण ही सगळी नदीकाठची गावं. इथे सुरमई येते ती टेम्पोतून बर्फात, आणि तीच तुम्हाला पुण्यामुंबईतही मिळते. इथे खायचं ते खाडीचं, नदीचं आणि आसपासच्या परसातलं. ते कसं शोधायचं एवढंच सांगतो, उदाहरण म्हणून राजापूर धरू.

राजापूर अर्जुना आणि कोदवली या नद्यांवर आहे. एकेकाळी गलबतं खाडीतून वर पार गावापर्यंत यायची, इंग्रजांची वखार होती इथे, महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली हे शाळेत वाचलं असेल. आता खाडी गाळाने भरली, मोठ्या बोटी खाली साखरी नाटे बंदरातच थांबतात. म्हणजे गावच्या बाजारात दोन प्रकारचे मासे येतात, एक नाट्याहून येणारे समुद्राचे आणि दुसरे आजूबाजूच्या खाडीत पागून म्हणजे जाळं फेकून, नायतर जाळं लावून पकडलेले, जे कोणीतरी बाई पाटीत घालून घेऊन येते आणि कोपऱ्यात बसते. आपल्याला ती पाटी हवी.

तर सकाळी लवकर मासळी बाजारात जा, विकत घ्यायचं नसलं तरी जा. मोठ्या टेबलांवर नीट रचून ठेवलेला माल बघून पुढे सरका आणि जमिनीवर वाटे मांडून बसलेल्या मावशींकडे जा. 'मावशी, आज खाडीचं काय गावलं?' एवढं विचारलं की पुरे, त्या स्वतःच दाखवायला लागतात. काळुंदर असेल, बोय असतील, खाडीची कोलंबी, कुर्ल्या म्हणजे खेकडे, नायतर मुळे आणि कालवं, हा शिंपल्यातला माल. काळुंदर हा चपटा, अंगावर पट्टे असलेला मासा. काटे भरपूर आहेत त्याला, लहान मुलांना देताना जपून, पण आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस आणि मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळला की पापलेट विसरता. वाट्याचे भाव विचारा, थोडी घासाघीस चालते पण फार ताणू नका, ती बाई पहाटेपासून गुडघाभर चिखलात उभी राहून आलेली असते.

आता भरती-ओहोटीचं बघा, हे बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, मग ओहोटीला खडक आणि चिखल उघडा पडतो आणि बायका कालवं काढायला, मुळे उकरायला उतरतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी फारसं हलत नाही, तेव्हा बाजारात हा माल कमी दिसतो. त्यामुळे ट्रिप ठरवताना कालनिर्णय उघडाच, एकादशी-चतुर्थीसाठी नाही तर तिथीसाठी. कुर्ल्यांबद्दलही अमावस्येच्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं इथे सगळे सांगतात. हातात घेऊन बघा, जड लागली तर घ्या, मग तिथी कुठली का असेना. आणि हो, सोमवार, गुरुवार, शनिवारी बरीच घरं मच्छी खात नाहीत, श्रावणात तर विचारूच नका, त्या दिवशी बाजार अर्धाच भरतो.

पुढचा प्रश्न शिजवणार कोण. बोर्डावर फोटो लावलेली हायवेची हॉटेलं सोडा. गावात घरगुती खानावळी असतात, दोनतीन टेबलं, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, मेन्यूकार्ड नाहीच. सकाळी दहाच्या आत जाऊन सांगायचं, काकू आम्ही इतके जण, दीडला येतो, खाडीचं काय मिळेल ते करा. त्या काय करतील ते त्यांच्यावर सोडा. काही ठिकाणी तुम्ही आणलेली मच्छी पण करून देतात, पण करण्याचे पैसे किती हे आधीच बोलून घ्या, नंतर तोंड वाकडं नको. रिक्षावाल्या दादाला विचारताना 'चांगलं हॉटेल कुठलं' असं विचारलंत तर तो तुम्हाला एसीवाल्याकडे नेईल, 'तुम्ही दुपारी जेवता कुठे' असं विचारा.

पानात काय असावं? मुळ्यांचं किंवा तिसऱ्यांचं (त्या पण शिंपल्याच) सुकं, ओल्या खोबऱ्यातलं, शक्यतो एकशिपी म्हणजे एका शिंपीला मांस ठेवून केलेलं, ते हाताने चोखत खायचं, चमचा मागू नका. न उघडलेली शिंपी ताटात आली तर बाजूला काढा, दातांनी उघडायच्या भानगडीत पडू नका. बांगड्याच्या कालवणात तिरफळ असेल तर ती चावायची नसते, नुसती वासापुरती असते, नवीन माणूस हमखास चावतो आणि मग जीभ बधिर करून बसतो. तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात. सोलकढी नारळाच्या दुधाची आणि आगळाची असली की फिकट गुलाबी दिसते, एकदम भडक दिसली तर मी तरी दुसरी वाटी घेत नाही.

शाकाहारी माणसांचे हाल होतात असं म्हणतात ते खोटं, फक्त त्यांनी पनीर मागू नये. कुळथाची पिठी आणि भात मागा. मार्च-एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी. पावसात टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या बाजारात जुड्या बांधून येतात. गौरी-गणपतीत घावन-घाटलं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या, या हॉटेलात मिळायच्या नाहीत, कोणाच्या तरी घरी ओळख काढा. सकाळी नाश्त्याला आंबोळी नायतर घावणे, सोबत चटणी, आणि कुठे शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया मिळाल्या नारळाच्या गोड रसाबरोबर तर इडली-वड्याचा विचार सोडून द्या.

पावसाळ्याचं वेगळं गणित आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद, त्यामुळे जुलैत 'फ्रेश सुरमई' असा बोर्ड दिसला तर मनातल्या मनात हसा. या दिवसांत इथली माणसं सुकी मासळी खातात, सोडे-बटाटा, सुकटीची चटणी, बोंबील भाजून, आणि बाहेर धो धो पाऊस असताना गरम पेजेबरोबर ते जे लागतं ते मेमध्ये कळायचं नाही. नदीचे मुठे म्हणजे खेकडे पण याच दिवसांतले, त्यांचं कालवण तिखट करतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, म्हणजे नदीतून उलटे वर ओढ्यात, शेतात चढतात ते. गावात त्याची केवढी क्रेझ असते, रात्री बॅटऱ्या घेऊन लोक बाहेर. चव मस्तच पण ते अंडी घालायलाच वर निघालेले असतात, पोटात गाबोळी असते, म्हणून कोणी प्रेमाने वाढलं तर खावं, मुद्दाम किलोने मागवू नये असं माझं मत. शिवाय पावसात कोदवलीला पाणी चढलं की जवाहर चौकात शिरतं, दुकानं बंद होतात, तेव्हा रेड अलर्ट असेल तर जेवणासाठी म्हणून येऊच नका.

शिंपल्यांबाबत एक काळजी घ्या. ती पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात उतरतं. कारखान्यांचं नायतर गटाराचं पाणी खाडीत येतं अशा पट्ट्यातली असतील तर घेऊ नका, विकणाऱ्या मावशीला कुठली आहेत विचारलं की ती गावाचं नाव सांगते, राग नाही मानत.

जाताना आमसुलं, आगळ, कुळीथपीठ, सुकी तिरफळं घ्या, हे आठवडा बाजारात बायका घरचं विकायला आणतात, स्टँडजवळच्या पॅकबंद मालापेक्षा तेच बघा. आगळाची बाटली कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका, डाग जात नाही. सुटे पैसे जवळ असू द्या. आणि रेल्वेने येणार असाल तर राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, दीडचं जेवण सांगितलंय आणि गाडी लेट असेल तर काकूंना फोन करा, त्या भाकऱ्या गरम टाकायच्या थांबतात.