जुन्या फोर बाय फोर जीपचं काम कुठून सुरू करायचं: आधी बिघाड, मग दुरुस्ती, शेवटी मॉडिफिकेशन

जुनी महिंद्रा जीप दारात आली की पहिल्या आठवड्यातच लोक विचारायला लागतात, टायर कुठले टाकू, लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) किती करू, बंपर कुठून बनवून घेऊ. माझं सांगणं एकच आहे, गाडी आधी कंपनीतून निघाली होती तशी करा आणि मगच मॉडिफिकेशनवर पैसा घाला. स्टीअरिंग थरथरतं म्हणून डॅम्पर (हादरे दाबणारा दांडा), ब्रेक लागत नाही म्हणून डिस्क, चढाला दम लागतो म्हणून टर्बो, असं सगळं बसवून झाल्यावर कळतं की मूळ दुखणं होतं झिजलेला बुश, गळका व्हील सिलिंडर नाहीतर हवा ओढणारा डिझेलचा पाईप. हे सर्रास होतं आणि खूप पैसे खातं.

खालचं सगळं मी एमएम ५४०, सीजे ३४०, सीजे ५०० या जीप डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. महिंद्राने १९४७ साली विलीस जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं मूळ रचना तीच राहिली, वेगळी चॅसी, चारी बाजूंना कमान पाटे (लीफ स्प्रिंग), दोन्हीकडे अखंड एक्सल, त्यामुळे एक गाडी नीट कळली की बाकीच्यांचं काम सोपं जातं.

जॅक लावण्याआधी हे वाचा

या जुन्या जीपपैकी बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागे, प्रोपेलर शाफ्टवर (ती ताकद एक्सलपर्यंत नेणारा दांडा) असतो. म्हणजे तो शाफ्ट धरतो, चाक धरत नाही. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकसुद्धा सरकू शकतं, हँडब्रेक कितीही ओढलेला असू दे, गाडी जॅकवरून उतरते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावायचेच आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, खाली स्टँड हवा.

पायरी १: चॅसी आणि कागद

आपल्याकडच्या पुष्कळ जीप वडापला (खाजगी प्रवासी वाहतुकीला) चाललेल्या असतात, पंधरा-पंधरा माणसं बसवून घाट चढलेल्या. अशा गाडीत चॅसीला वेल्डिंगचे पॅच आणि पाट्यांमध्ये जास्तीचे पाटे हमखास सापडतात. शॅकलची (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी) आणि पाट्याची ब्रॅकेट जिथे चॅसीला जुळतात तिथे, स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवती आणि क्रॉस मेंबरच्या कडांना वायर ब्रश मारून बघा, तडा रंगाखाली लपलेला असतो. कोकणातली गाडी असेल तर छोट्या हातोडीने चॅसी ठोकत जा, खणखणीत आवाजाच्या मध्येच बोदा आवाज आला की तिथे पत्रा आतून गेलाय.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा, विशेषतः हरियाणातल्या डबवालीकडून नटवून आलेली गाडी असेल तर. दिसायला त्या जीप देखण्या असतात पण आधी कागद.

पायरी २: स्टार्ट होत नाही

मिस्त्रीला लगेच डिझेल पंप उतरवू देऊ नका. एकाला सायलेन्सरकडे बघायला उभं करा आणि सेल्फ मारा. तीनपैकी एक होईल.

सेल्फ जड फिरतोय: बॅटरी किंवा अर्थिंग. मल्टिमीटर घ्या, उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली जाऊ नये. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची केबल खराब आहे. जुन्या जीपमध्ये इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे इंजिन ते चॅसी अशी जाड पट्टी लागतेच आणि नेमकी तीच गंजलेली नाहीतर कुणीतरी काढून टाकलेली असते. ती नवी टाकायला फार खर्च येत नाही, उगाच नवी बॅटरी घेऊ नका.

सेल्फ जोरात फिरतोय पण धूर अजिबात नाही: डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाहीये, बहुतेक वेळा एअर धरलेली असते.

सेल्फ जोरात फिरतोय आणि पांढरा धूर येतोय: डिझेल पोचतंय पण जळत नाहीये. प्यूजोच्या २११२ सीसी एक्सडीपी इंजिनाला थंडीत हीटर प्लगशिवाय चालू होणं कठीण, कारण त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या चेंबरमध्ये जातं आणि तिथे उष्णता लवकर निघून जाते. प्लगना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लग वेगळा तपासा, नाहीतर एक चांगला प्लग बाकीच्यांचं दुखणं लपवतो. हीटर चांगले असूनही पांढरा धूर आणि सुरू होणं अवघड, तर मग कॉम्प्रेशन आणि टायमिंग बघायचं.

एअर धरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळे फसतात. लोक गाडीखाली वाकून बघतात, कुठे डिझेल गळत नाही, म्हणतात पाईप चांगला आहे. पण टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा सगळा भाग ओढणारा आहे, तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत जाते, बाहेर एक थेंब दिसत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल परत टाकीत उतरतं आणि सकाळी बोंब. शोधायचं असं, फीड पंपाच्या पुढे, फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक पाईप जोडा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर टाकीकडचा पाईप सोडा आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नवा पाईप थेट फीड पंपाला द्या, कॅन पंपापेक्षा वर ठेवा. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते पंप या रस्त्यात, रबरी तुकडा, क्लॅम्प किंवा टाकीतली नळी. नाही थांबले तर फीड पंपाचा वॉशर किंवा सील. सगळे रबरी तुकडे एकदमच बदला, एकेक करत बसू नका. बँजो बोल्टचे (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे मिळाले तर उत्तम, नाहीतर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतो आणि परत नीट बसतो.

एअर काढताना हँड प्रायमर मारत आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, फेस जाऊन सलग धार आली की आवळा, मग पंपावरचा, मग दोन नोझलच्या पाईपचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही आणायचा नाही, त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरतं आणि थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

गाडी तापते ही तक्रार असेल तर रेडिएटर उतरवून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घ्या, बेल्ट आणि कॅप बघा आणि कुणी थर्मोस्टॅट काढून टाकलाय का विचारा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि झिजतं, तो परत बसवा. चढाला काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर. ऑइल बाथवाल्या (ऑइलमध्ये धूळ धरणारा एअर फिल्टर असलेल्या) गाडीत बाऊल उघडून बघा, तळाशी बोटभर गाळ निघतो.

पायरी ३: पुढची चाकं थरथरतात

चाळीस-पन्नासच्या स्पीडला एक खड्डा लागतो आणि स्टीअरिंग हातातून सुटेल इतकं हलायला लागतं, गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थांबत नाही. हा या जीपचा सगळ्यात भीतीदायक आजार. स्टीअरिंग डॅम्परने तो दबतो, बरा होत नाही. डॅम्पर खराब झाला की दुप्पट जोराने परत येतो, आणि तोपर्यंत बाकीचं सगळं आणखी झिजलेलं असतं.

आधी हवा सारखी करा आणि व्हील बॅलन्सिंग. मग दोन माणसांचं काम. गाडी जमिनीवर, एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली जाऊन स्टीअरिंगपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक जॉईंटवर हात ठेवायचा, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, बेल क्रँक असेल तर ती, टाय रॉडचे एंड. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लगेच कळतं, एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा जरा उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. स्टीअरिंग बॉक्सचे चॅसीला लागणारे बोल्टसुद्धा याच वेळी बघून घ्या.

नंतर पुढचं चाक उचला. वर आणि खाली धरून हलवा. खटखट आली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर प्ले व्हील बेअरिंगचा आहे, राहिली तर किंगपिनचा (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन). दहा सेकंदांची ही परीक्षा केली की उगाच दोन्ही खोलायची वेळ येत नाही.

किंगपिनचा प्ले असेल तर वरच्या-खालच्या कॅपखालच्या शिम (पातळ चकत्या) काढून बेअरिंगला किंचित ताण द्यायचा असतो. शिम वर-खाली सारख्याच कमी करायच्या, नाहीतर नकल (चाक धरणारा, वळणारा भाग) मध्यावर राहत नाही आणि आतला जॉईंट तिरका चालतो. नकल हाताने फिरवला तर थोडा जड पण अडखळत नाही असा फिरायला हवा, मॅन्युअलमध्ये स्प्रिंग काट्याने मोजायची ओढ दिलेली असते, ती बघूनच आवळा. फिरताना मध्येच खाच लागल्यासारखं वाटलं तर बेअरिंगमध्ये खड्डे पडलेत, शिमचा काही उपयोग नाही, बदला. इतकं खोललंच आहे तर नकलची ऑइल सील आणि फेल्ट नवं टाका.

पाट्यांचे बुश आणि शॅकल पिन शेवटी. वडापचे जास्तीचे पाटे काढून टाका, रिकाम्या गाडीला ते नकोतच, पाटे सुटे करून घासून मध्ये ग्रीस लावून परत बांधले की गाडी किती मऊ चालते ते स्वतःच अनुभवा. नवा बुश घट्ट बसत नसेल, खाच मोठी झाली असेल तर लेथवर करून मिळतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असलं काम करणारे कसबी लोक आहेत, आणि पुण्यात नाना पेठेत जुन्या जीपचे पार्ट शोधले तर मिळतात.

पायरी ४: फोर बाय फोर खरंच लागतो का

लिव्हर पुढे पडला म्हणजे फोर बाय फोर लागला असं नाही. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, मागच्यांना ठोकळे, इंजिन बंद. पहिला गिअर टाका, फोर बाय फोर लावा. आता पुढचं एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट दिशेला फिरलं आणि प्रोपेलर जागचा हलला नाही तर सगळं ठीक. प्रोपेलर फिरला तर ट्रान्सफर केसमध्येच लागत नाहीये. प्रोपेलर स्थिर आणि दुसरं चाकही हललं नाही तर आतला एक्सल, जॉईंट किंवा हब गेलाय. लॉक हब (पुढची चाकं एक्सलला जोडायचं-सोडवायचं कुलूप) बसवलेले असतील तर आधी ते लॉक करा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचं ऑइल दोन्हीकडे तपासा. मधली सील गेली की एकातलं ऑइल दुसऱ्यात जातं, बाहेर गळती शून्य आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो. आणि डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालवू नका, या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा फरक सगळा क्रॉस (प्रोपेलरचा सांधा) आणि गिअरवर येतो.

पायरी ५: ब्रेक

ड्रम उघडा, ऑइलचा डाग दिसला तर हब सील की व्हील सिलिंडर ते ओळखा, ऑइल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, बदला. ब्रेक ऑइल पाणी धरतं म्हणून पूर्ण काढून नवं, एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. नीट सेट केलेले ड्रम ब्रेक या वजनाच्या गाडीला पुरतात, पेडल जड वाटत असेल तर सर्वो (पायाचा जोर वाढवणारा बूस्टर) बसवून घ्या.

आता मॉडिफिकेशन

माझी पहिली निवड ब्रीदर पाईप. गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं, डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ होतं. एक्सलच्या ब्रीदरला रबरी पाईप जोडून तो बोनेटखाली उंचावर नेला की प्रश्न मिटला, पावसाळ्यात ताम्हिणी-मुळशीकडे जाणाऱ्याने हे करावंच. मग टो हूक, पुढे आणि मागे, थेट चॅसीला, हाय टेन्साइल बोल्टने, बंपरला नाही. मग हेडलाइटला रिले, जुन्या स्विचमधून सगळा करंट जाऊन वायर तापतात.

टायरचं गणित आधी करा. २३५/७५ आर १५ ची उंची साधारण ७३४ मिमी, जुन्या ६.००-१६ च्या आसपासच. ३१ इंची म्हणजे ७८७ मिमी, सात टक्के मोठा, स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ ला असेल आणि गिअरिंग तितकंच लांब होईल, घाटात जुन्या डिझेल इंजिनाला ते लगेच जाणवतं. मला विचाराल तर २३५ वर थांबा.

लिफ्टसाठी नुसते लांब शॅकल टाकू नका. शॅकल ५० मिमीने लांब केला तर गाडी २५ मिमीच उचलते, आणि पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर एक्सल पुढे कलून कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो, म्हणजे पायरी ३ मध्ये एवढं करून घालवलेली थरथर परत आमंत्रण देऊन बोलावली. उंची हवीच असेल तर नव्या कमानीचे पाटे, सोबत कॅस्टरसाठी वेज (पाचर), आणि प्रोपेलरचा क्रॉस किती कोनात चालतोय ते तपासणं आलंच.

कायद्याचं पण लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करताना गाडी तपासली जाते.

पाट्यांचं काम केल्यावर दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट (पाटे एक्सलला धरणारे) परत आवळा, नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतो, सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकतो तो याच कारणाने.