ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: २८ दिवसांचा हिशोब चुकला तेव्हा

फी आणि नऊ महिन्यांच्या राहण्या-खाण्याचे पैसे बाबांच्या खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. आमच्या खात्यात ते होते. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री स्टेटमेंट ओळीओळीने वाचलं आणि पोटात गोळा आला. एकोणिसाव्या दिवशी विम्याचा हप्ता आपोआप वळता झाला होता, शिल्लक एका दिवसापुरती मर्यादेखाली गेली होती. दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला, पण नियमात सरासरी चालत नाही, एक दिवसही कमी चालत नाही.

अर्ज थांबवला. सगळे हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवले, पौंडाचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात म्हणून लाखभर रुपये जास्त ठेवले आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. त्या महिन्यात टीबीची तपासणी उरकली. खातं वडिलांचं असल्याने त्यांचं संमतिपत्र घेतलं, माझ्या मराठी जन्मदाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतरही करून घेतलं.

स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या ३१ दिवसांच्या आतली लागते, हेही सांभाळा. व्हिसा आला तेव्हा आई देवापुढे साखर ठेवायला धावली.