अमेरिकी सिनेटरची कारकीर्द कशी अभ्यासावी? ओरिन हॅच यांचं उदाहरण

सिप्ला, ल्युपिन, सन फार्मा या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांची जेनेरिक औषधं अमेरिकेत ज्या वाटेनं विकली जातात, ती वाट १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्यानं खुली केली. त्यातले हॅच म्हणजे युटाचे रिपब्लिकन सिनेटर ओरिन हॅच. जानेवारी १९७७ ते जानेवारी २०१९, सलग ४२ वर्षं ते सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते. मुंबईत फार्मसीचा, कायद्याचा किंवा राज्यशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्यांना हे नाव कधी ना कधी लागतंच. एवढी लांब कारकीर्द भाषणांवरून वाचली तर हाती फारसं लागत नाही. समित्या आणि कायदे धरून वाचा.

आधी राज्यसभेचा चष्मा उतरवा. सिनेटर १९१३ पासून थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो, सहा वर्षांसाठी. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. व्हिप मोडला तरी सदस्यत्व जात नाही. म्हणून प्रत्येक मताचा जाब त्या सिनेटरलाच विचारता येतो.

आता तक्ता आखा. रकाने पाच: काँग्रेसचा क्रमांक, बहुमत कोणाचं, समिती, पद, कायदा. काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसद; तिच्या प्रत्येक दोन वर्षांच्या कार्यकाळालाही काँग्रेसच म्हणतात आणि क्रमांक देतात. हॅच यांच्यासाठी ९५ ते ११५, म्हणजे २१ ओळी होतात. बहुमताचा रकाना सर्वांत आधी भरा, कारण समितीचं अध्यक्षपद त्यावरच ठरतं. हॅच अध्यक्ष होते त्या समित्या: श्रम समिती १९८१ ते ८७, न्याय समिती १९९५ पासून, वित्त समिती २०१५ ते १९, इतकं सरळ आहे. चूक होते ती २००१ पाशी. त्या जूनमध्ये व्हरमाँटच्या जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला, बहुमत फिरलं आणि न्याय समिती हॅच यांच्या हातून डेमोक्रॅट पॅट्रिक लेही यांच्याकडे गेली. २००३ मध्ये ती परत आली. १०७ व्या काँग्रेसची ओळ तारखेनुसार तोडूनच लिहा.

विधेयकांची माहिती काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी साइटवर १९७३ पासूनची मिळते. नाववार मतदान सिनेटच्या साइटवर १९८९ पासून. त्याआधीचं व्होटव्ह्यू या मतदान-नोंदींच्या साइटवर पाहा. बरीच विधेयकं आवाजी मतानं किंवा एकमतानं मंजूर होतात, तेव्हा नावं नोंदलीच जात नाहीत. नोंद नाही म्हणून सिनेटर गैरहजर होता असं लिहू नका. तारखाही वॉशिंग्टनच्याच ठेवा. तिथली संध्याकाळ म्हणजे मुंबईत दुसरा दिवस.

कायदा वाचताना कोणी काय दिलं आणि काय मिळवलं, ते शोधा. हॅच-वॅक्समनमध्ये जेनेरिकवाल्यांना मोठ्या वैद्यकीय चाचण्या पुन्हा करण्यातून सूट मिळाली; जैवसमतुल्यता, म्हणजे औषध शरीरात मूळ औषधासारखंच शोषलं जातं हे, सिद्ध केली की पुरे. मूळ औषधवाल्यांना पेटंटची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळाली. जेनेरिक कंपनीनं पेटंटला आव्हान दिलं आणि पेटंटधारकानं ४५ दिवसांत दावा लावला, तर मंजुरी साधारणपणे ३० महिने अडते. पहिल्या आव्हानवीराला १८० दिवसांची सवलत असते, त्या काळात मागून आव्हान देणाऱ्या जेनेरिकना मंजुरी मिळत नाही. ही देवाणघेवाण समजली की कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट हेन्री वॅक्समन यांच्याशी एका पुराणमतवादी सिनेटरचं कसं जुळलं, हे उलगडतं.

'पुराणमतवादी' हा शिक्का प्रत्येक ओळीवर तपासून घ्या. १९९७ ची मुलांची आरोग्यविमा योजना हॅच यांनी डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींसोबत रेटली, तीही सिगारेटवरच्या कराच्या पैशातून. १९९४ च्या आहारपूरकांच्या (जीवनसत्त्वांच्या गोळ्या वगैरे) कायद्यात मात्र त्यांनी सरकारी नियंत्रण सैल ठेवलं. ही उत्पादनं विक्रीआधी परिणामकारक असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, आणि या धंद्याचा मोठा तळ युटातच आहे.

असं हितसंबंधांचं सूत दिसलं की फेडरल इलेक्शन कमिशनच्या निवडणूक-देणग्यांच्या नोंदी उघडा. कंपनीच्या नावानं उमेदवाराला थेट देणगी सापडणार नाही, कायद्यानं ती बंद आहे. तिची पीएसी, म्हणजे देणग्या गोळा करून उमेदवारांना देणारी राजकीय समिती, पाहा आणि वैयक्तिक देणगीदारांच्या नोंदीतला 'नोकरी कुठे' हा रकाना पाहा. २०० डॉलरवरच्या देणग्यांना तो भरून घेतलेला असतो.