अमेरिकेत राज्य बदलताना अध्यापनाचा परवाना

अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्य सरकार देते, त्यामुळे न्यू जर्सीचा परवाना टेक्सासमध्ये आपोआप चालत नाही. तेथे नव्याने अर्ज करावा लागतो. नॅसडटेक या राज्यांच्या शिक्षक-परवाना अधिकाऱ्यांच्या संघटनेचा आंतरराज्य करार बहुतेक राज्यांना लागू असला, तरी तो संपूर्ण परस्परमान्यता देत नाही आणि नवे राज्य स्वतःची परीक्षा किंवा एखादा अभ्यासक्रम मागू शकते. २०२३ मध्ये अमलात आलेला शिक्षक-स्थलांतराचा आंतरराज्य करार अधिक सोयीचा आहे, पण दोन्ही राज्ये त्यात सामील असतील आणि आपला परवाना तात्पुरता नसेल, तरच त्याचा लाभ मिळतो. बोटांच्या ठशांसह पार्श्वभूमी-तपासणी मात्र सहसा टळत नाही.

भारतात बी.एड. केलेल्या शिक्षिकांनी कागदपत्रांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पदवीचे मूल्यमापन, म्हणजे ती अमेरिकेतील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे हे ठरवणारी तपासणी, पूर्वी एकदा झाले असले, तरी नवे राज्य केवळ स्वतःच्या यादीतील संस्थेचाच अहवाल स्वीकारत असेल, तर ते पुन्हा करून घ्यावे लागते, आणि विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रके येण्यास वेळ लागतो. गुणपत्रकावर माहेरचे नाव व वडिलांचे नाव, तर परवान्यावर सासरचे आडनाव असेल, तर विवाहनोंदणीचा दाखला अर्जासोबतच जोडावा. जुना परवाना वैध असतानाच, घर हलवण्यापूर्वी अर्ज करावा.