मरळसाठी रॉड घेताना आधी ल्यूरचं वजन बघा

बाजारात मिळणारे बहुतेक ल्यूर (नकली आमिष) फेकायचे रॉड बास या परदेशी माशासाठी बनलेले असतात, पण हतनूर धरणाच्या पाणवनस्पतींत मरळवर तेच चालतात. फक्त रॉड आणि ल्यूरची जोडी जमली पाहिजे. मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात ल्यूरचं वजन छापलेलं असतं, उदा. १०-२८ ग्रॅम. दुकानात रंग नंतर बघा, आधी हे वाचा.

१२-१५ ग्रॅमच्या रबरी बेडकाला ७ फुटी मीडियम-हेवी (ताठ), फास्ट ॲक्शन (टोकाकडेच वाकणारा) रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील आणि ३०-४० पौंडी ब्रेड (विणलेली) दोरी. रॉड मऊ असला तर बेडकाचे जाड गळ मरळच्या कडक जबड्यात रुततच नाहीत. माशाने झडप घालून पाणी फुटलं की लगेच हिसका मारू नका. माशाला दोरी ताणू द्या, मग जोरात मारा.

५-७ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) याच रॉडवर लावाल तर रॉड वाकतच नाही, ल्यूर दहा पावलांवर पडतो. बेटकास्टर रीलवर (ज्याची दोरीची रिळी फेकताना स्वतः फिरते) तर ही रिळी ल्यूरच्या पुढे पळते आणि दोरीचं घरटं होतं, मग बसा सोडवत. स्पिनरला साडेसहा फुटी मीडियम-लाइट (हलका) रॉड, २००० किंवा २५०० चं स्पिनिंग रील, ८-१० पौंडी दोरी.

क्रँकबेट (ओढताना बुडणारा, माशाच्या आकाराचा ल्यूर) मात्र मोकळ्या पाण्यात, जरा लवचिक रॉडवर. ताठ रॉड त्याचे तिहेरी गळ तोंडातून उपटतो.

आणि धरणावर मासेमारीचा ठेका असतो, आधी विचारून घ्या.