प्रतीक्षा यादीत नाव असताना घरचे डायलिसिस: या चुका टाळा

पोटाचे डायलिसिस, म्हणजेच सीएपीडी (पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतले डायलिसिसचे पाणी आत सोडून काही तासांनी ते बाहेर काढण्याची पद्धत), शिकत असताना बहुतेक कुटुंबे प्रत्येक पायरी चोख पाठ करतात. चुका होऊ लागतात त्या काही महिन्यांनी, जेव्हा हात सरावतो, मास्क नाकाखाली उतरतो आणि दिवसातून तीन-चार वेळा करावयाची पिशवीबदली हे घरातल्या इतर कामांसारखेच एक काम होऊन बसते. रुग्णाचे नाव मरणोत्तर अवयवदानातून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत असेल, तर या सैलपणाचा फटका दुहेरी बसतो. अंगात जंतुसंसर्ग असताना प्रत्यारोपण करता येत नाही, त्यामुळे तो बरा होईपर्यंत रुग्णाचे नाव तात्पुरते बाजूला ठेवावे लागते आणि त्या अवधीत उपलब्ध झालेली किडनी दुसऱ्या रुग्णाला मिळते.

कूलर, पंखा आणि ओला हात

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि खिडकीतला कूलर दिवसरात्र चालू असतो. पिशवी बदलताना तो बंद करायला घरची मंडळी कचरतात, कारण रुग्णाला आधीच उकाड्याचा त्रास होत असतो. परंतु नळीचे तोंड उघडे असण्याचे ते काही क्षणच सर्वाधिक धोक्याचे असतात, आणि कूलरची ओलसर, धूळमिश्रित हवा थेट त्या तोंडावर येत असते. कूलरच्या टाकीतील साचलेले पाणी जंतूंना पोसते, हे वेगळे सांगायला नको. यावर उपाय सोपा आहे: खोली आधी गार करून घ्यावी, मग कूलर आणि पंखा बंद करून दार लावून घ्यावे आणि पाणी पोटात भरून, नळी सोडवून नवी टोपी लावून झाली की पंखा पुन्हा लावावा.

हात साबणाने धुतले जातात, पण नंतर खांद्यावरच्या टॉवेलला पुसले जातात, ही चूक फार घरांत दिसते. स्वच्छ, कोरडा, फक्त याच कामासाठी ठेवलेला रुमाल किंवा कागदी नॅपकिन वापरावा. हात ओले राहिले तरी जंतू सहज पसरतात.

जोडणी करताना नळीच्या उघड्या टोकाला बोट, कपडा किंवा पलंगाची चादर लागली, तर ते टोक पुसून काम पुढे रेटू नये. क्लॅम्प, म्हणजे नळी बंद करणारी चिमटी, बंद ठेवावा, नवी निर्जंतुक टोपी लावावी आणि डायलिसिसच्या सिस्टरांना फोन करावा. ट्रान्सफर सेट, म्हणजे पोटातल्या नळीला बाहेरून जोडलेली छोटी नळी, बदलून घ्यावा लागेल, आणि पाणी आत गेलेच असेल तर डॉक्टर प्रतिबंधक औषध देतील. हा फोन करायला संकोच वाटतो आणि त्या संकोचानेच अधिक नुकसान होते, असे माझे मत आहे.

पिशव्यांचे खोके गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणे हीदेखील उन्हाळ्यातली एक चूक. साठवणीच्या तापमानाची मर्यादा पिशवीवरच छापलेली असते आणि पत्र्याखाली ती सहज ओलांडली जाते. हिवाळ्यात उलट प्रकार घडतो आणि गार पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवली जाते. तसे केल्याने जोडणीच्या भागाला नळाचे पाणी लागते. मायक्रोवेव्हही चालत नाही, कारण त्यात द्रव असमान तापतो. पिशवी कोरड्या उष्णतेनेच, प्रशिक्षणात दाखवलेल्या पद्धतीने कोमट करावी.

बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले तर

निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवावी. अक्षरे स्पष्ट वाचता आली पाहिजेत. ती धूसर दिसत असतील, पोट दुखत असेल किंवा ताप असेल, तर तो पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आवरणाचा संसर्ग आहे असे धरूनच चालावे. दुखत नाही म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे ही पहिली चूक आणि ती पिशवी बेसिनमध्ये रिकामी करणे ही दुसरी. गढूळ पिशवी जशीच्या तशी रुग्णालयात न्यावी लागते. प्रयोगशाळेत त्या पाण्यातील पांढऱ्या पेशी मोजल्या जातात; एका घन मिलिमीटरमध्ये त्या १०० पेक्षा अधिक आणि त्यातील निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर निदान जवळजवळ पक्के होते. जंतू कोणता हे कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीतून, कळते, आणि इथेच तिसरी चूक आड येते. मेडिकलच्या दुकानातून आधीच अँटिबायोटिक आणून घेतले असेल, तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावे लागतात. पेरिटोनायटिसवरील औषध बहुधा पिशवीतूनच पोटात सोडले जाते, त्यामुळे गोळ्यांनी निभावेल या भरवशावर राहू नये. बुरशीचा संसर्ग असल्यास नळीच काढावी लागते आणि रुग्णाला मशीनच्या डायलिसिसवर, म्हणजे केंद्रात जाऊन मशीनमधून रक्त शुद्ध करून घेण्यावर, जावे लागते. गडचिरोली किंवा गोंदियाकडच्या ज्या रुग्णाने आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरची वारी टाळण्यासाठीच घरचे डायलिसिस निवडले, त्याच्यावर पुन्हा तीच वेळ येते.

नळी पोटातून जिथे बाहेर येते, त्या जागेवर हळद, खोबरेल तेल किंवा कोणतीही घरगुती पावडर लावू नये. ती जागा कोरडी ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेलेच मलम लावावे. तलावात किंवा नदीत डुबकी घेऊ नये.

पाणी उतरत नाही

दोन लिटर पाणी साधारण वीस मिनिटांत बाहेर यायला हवे. ते अडले की घरचे लोक घाबरतात आणि नळी जागेवरून सरकली असे गृहीत धरतात. आधी क्लॅम्प उघडा आहे का आणि नळी शरीराखाली दबली आहे का, हे पाहावे. मग कूस बदलून किंवा थोडे चालून पाहावे. त्याने भागले नाही, तर पोट साफ झाले आहे का हे रुग्णाला विचारावे. बद्धकोष्ठता हे पाणी अडण्याचे अत्यंत नेहमीचे कारण आहे, आणि ते विचारायचे राहून जाते. रेचक मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली रेचके या रुग्णांना घातक ठरू शकतात. पाण्यात पांढरे तंतू दिसत असतील तर ते फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे प्रथिन, असू शकते आणि त्यासाठी पिशवीत हेपॅरिन हे गुठळ्या होऊ न देणारे औषध घालावे लागते; तेही केंद्रात विचारूनच. जुने पाणी बाहेर आले नसताना वरून नवे भरणे मात्र सर्वथा टाळावे. पोट ताणले जाऊन दम लागू लागला, तर थेट रुग्णालय गाठावे.

पथ्य शेजाऱ्याचे, पिशवी आपली

मशीनच्या डायलिसिसवरील रुग्णाचे पथ्य जसेच्या तसे उचलले जाते. पोटाचे डायलिसिस रोज चालते, त्यामुळे पोटॅशियम त्यातून सतत निघून जाते आणि काही रुग्णांत ते कमीही पडते. अशा रुग्णाला संत्रे कायमचे वर्ज्य करणे, तेही नागपुरात, हा विनाकारण अन्याय आहे. निर्णय त्याच्या स्वतःच्या ताज्या अहवालावरून व्हावा. याउलट प्रथिने पाण्यावाटे रोज पाच ते दहा ग्रॅमपर्यंत वाया जातात, म्हणून डाळ, अंड्याचा पांढरा भाग किंवा मासे कमी करणे चुकीचे ठरते. मिठाची बंधने मात्र खरीच आहेत, आणि सावजी रस्सा, लोणचे व पापड त्यांतच मोडतात. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ घेऊ नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते.

पाणी जास्त प्यायचे आणि ते काढण्यासाठी २.५ किंवा ४.२५ टक्के साखरेची (डेक्स्ट्रोजची) तीव्र पिशवी लावायची, ही सवय पोटाच्या आवरणाला बाधते आणि मधुमेह्याची साखर वाढवते. उन्हाळ्यात मात्र त्याच्या उलट चूक होते, आणि ती कमी ओळखली जाते. घाम भरपूर जातो, जुलाब होतात, वजन उतरते, तरी हिवाळ्यातल्याच पिशव्या चालू राहतात. मग रक्तदाब कोसळतो आणि जी थोडीफार लघवी होत असते तीही आटते. ती उरलेली लघवी मौल्यवान असते. रोज सकाळी वजन आणि रक्तदाब लिहून ठेवला, तर हा बदल डॉक्टरांना वेळीच दिसतो. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक ठाऊक नसलेले काढेही किडनीच्या उरल्यासुरल्या कामाच्या मुळावर येतात.

यादीत नाव म्हणजे तयारी नव्हे

डायलिसिस सुरू झाले की नाव आपोआप यादीत जाते, हा गैरसमज आहे. विदर्भातील यादी नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, सांभाळते आणि नोंदणी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत होते. वय ६५ च्या पुढे गेले म्हणून काही कुटुंबे विचारतही नाहीत, मात्र ही वयोमर्यादा आणि रहिवासाची अट काढून टाकण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२३ मध्येच जाहीर केले आहे.

नोंदणीनंतर हृदयाच्या तपासण्या जुन्या होतात, किडलेली दाढ तशीच राहते आणि हिपॅटायटिस बी लसीचे उरलेले डोस विसरले जातात. हिमोग्लोबिन कमी झाले की रक्त चढवून घेण्याचा आग्रह तर नातेवाईकच धरतात. रक्त चढवल्याने शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणे अवघड होते. म्हणून शक्य तेथे लोह आणि एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शने वापरली जातात. तातडीने रक्त द्यावेच लागले, तर ते प्रत्यारोपण समन्वयकाला कळवावे. बदललेला मोबाइल क्रमांकही कळवावा आणि घरातल्या आणखी एका-दोघांचे क्रमांक द्यावेत, कारण फोन बहुधा अवेळी येतो.

फोन आल्यावर ताप, गढूळ पाणी किंवा नळीजवळचा पू लपवू नये. संधी हुकेल या भीतीने लोक हे लपवतात, पण प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली की तोच संसर्ग जिवावर बेतू शकतो. एकाच किडनीसाठी एकापेक्षा अधिक रुग्णांना बोलावले जाते आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्ताशी जुळतात का ही चाचणी, जुळला नाही तर परत यावे लागते. त्याने यादीतले नाव जात नाही. अशा वेळी रुग्णालयातून निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पोटात आता पाणी आहे की ते काढून टाकले आहे, आणि पुढची पिशवी कोणत्या टक्क्याची, किती वाजता लावायची.